मोटारींचा कुलवृत्तान्त

खरसुंडीच्या यात्रेंत खिलार बैल विकत घेणारा माणूस धन्यास बैलाचें वय विचारीत बसत नाहीं. तो बैलाचा ओठ वर करून दांत पाहतो आणि दुसा, चौसा कीं जुळलेला, हें आपलें आपण ठरवितो. धनी खोटें बोलूं शकतो, दांत खोटें बोलत नाहींत, हा त्या बाजाराचा शास्त्रार्थ आहे. मागाहून खूर, शिंगांची ठेवण, वशिंड आणि अंगावरचे भोंवरे यांची पाहणी होते. आणि शेवटीं उपरण्याखालीं बोटें धरून किंमत ठरते. माणदेशांतील या परीक्षकांचें काम पाहतांना आमच्या मनांत एक प्रश्न आला. याच मुलुखाच्या रस्त्यांवरून गेल्या शतकांत ज्या अमेरिकन मोटारी धांवल्या, त्यांचे दांत कोठें पाहावयाचे?

प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु तो तसा नाहीं. आपल्याकडील शिकलेल्या घराण्यांत कुलवृत्तान्त लिहिण्याची हौस फार. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गांवाहून कोठें आला, कोणती शाखा केव्हां निराळी झाली, हें ठरविण्यासाठीं आपण जुन्या वंशावळी धुंडाळतों, तीर्थोपाध्यायांच्या वह्या उलगडतों, आणि एखादा पुरुष दोन ठिकाणीं दोन नांवांनीं नोंदलेला आढळला म्हणजे महिनेच्या महिने वाद घालतों. त्याच घराच्या दिवाणखान्यांत पुष्कळदां एक जुनें छायाचित्र टांगलेलें असतें. आजोबा डोक्यास रुमाल बांधून, एका मोटारीच्या पायरीवर पाय ठेवून उभे आहेत. आजोबांचा सारा इतिहास घराला पाठ असतो; मोटारीचें नांवहि कोणास धड सांगतां येत नाहीं. ‘फोर्ड असावी’, एवढेंच उत्तर मिळतें. आणि ती पुष्कळदां फोर्ड नसतेच.

ज्या यंत्रानें गांव आणि शहर यांमधील अंतर एका पिढींत बदलून टाकिलें, त्याचा जन्म कोणत्या कारखान्यांत, कोणत्या सालीं आणि कोणत्या रूपांत झाला, हें शोधण्याची कांहीं रीत आहे काय? रीत आहे, आणि ती अमेरिकेंत फार पुढें गेलेली आहे. ती आपण किती घ्यावी आणि कोठें सोडावी, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

अमेरिकेंतील या शास्त्राचा अत्यंत मनोरंजक भाग १९६० नंतरच्या दशकांतील दांडग्या गाड्यांविषयींचा आहे. त्या गाड्यांस तिकडे ‘मसल कार’, म्हणजे पिळदार दंडाच्या गाड्या, असें म्हणतात. त्यांच्या परंपरेचा उगम एका युक्तींत सांपडतो. जनरल मोटर्स कंपनीचा असा नियम होता कीं मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घनइंचांहून मोठें इंजिन बसवूं नये. त्याच कंपनीच्या पॉन्टियाक शाखेंतील जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी यांना मोठ्या गाडीचें ३८९ घनइंचांचें इंजिन मध्यम गाडींत घालावयाचें होतें. नियम गाडीच्या मूळ रूपास लागू होता. गिऱ्हाइकानें हौसेखातर मागावयाच्या जादा सामानाविषयीं त्यांत कांहींच म्हटलें नव्हतें. तेव्हां त्यांनीं नवी गाडी काढलीच नाहीं. टेंपेस्ट व ल मान्स या चालू गाडीच्या जादा सामानाच्या यादींत त्यांनीं ‘जी.टी.ओ.’ असें एक कलम घातलें, आणि त्या कलमांतून मोठें इंजिन गाडींत शिरलें. १९६४ च्या पहिल्याच हंगामांत अशा ३२,४५० गाड्या खपल्या, आणि वरिष्ठांस नियम मोडल्याबद्दल कोणास बोलण्याची सोय राहिली नाहीं.

परंतु या युक्तीचें एक फळ पन्नास वर्षांनीं संशोधकांच्या पदरांत पडलें. गाडी नवी नसून तें जादा सामान होतें. म्हणून १९६४ व १९६५ या दोन सालांच्या जी.टी.ओ. गाडीवर कारखान्यानें जो क्रमांक ठोकला, तो साध्या गाडीचाच होता. १९६६ पासून तिला निराळी मालिका मिळाली. त्यापूर्वींच्या गाडीचा नुसता क्रमांक वाचून ती खरी जी.टी.ओ. कीं कोणीं मागाहून नांवाच्या पट्ट्या लावलेली साधी ल मान्स, हें ओळखतां येत नाहीं. आज या दोहोंच्या किंमतींत मोठें अंतर आहे. अर्थात् पट्ट्या लावणारे निपजले. आणि ते निपजले म्हणून परीक्षकहि निपजले.

परीक्षकांनीं मग धातु सोडून कागदाचा माग काढिला. पॉन्टियाक शाखेनें विक्रेत्यांस पाठविलेल्या बिलांच्या नोंदी सुदैवानें राहिल्या होत्या. गाडीचा क्रमांक कळविला असतां तिच्यावर कोणतें सामान घालून ती बाहेर पडली, हें त्यांवरून सांगतां येतें. त्याच कंपनीच्या शेव्हरोले शाखेचे अमेरिकन कारखान्यांतील कागद मात्र तसे राखले गेले नाहींत. गंमत अशी कीं, कॅनडांतील जनरल मोटर्सनें आपल्या देशांत विकलेल्या गाड्यांच्या नोंदी सांभाळून ठेविल्या. त्यामुळें सीमेपलीकडे विकल्या गेलेल्या शेव्हरोलेचें जातक उत्तम मांडतां येतें, आणि तिच्याच कारखान्यांत जन्मलेली परंतु अमेरिकेंतच राहिलेली तिची बहीण पोरकी आहे. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांची माहिती गणकयंत्राच्या कृपेनें टिकली. क्रायस्लरच्या बाबतींत सर्वांत विलक्षण साधन हातीं आलें. त्या कारखान्यांत प्रत्येक गाडीसाठीं एक छापील पत्रक निघे. कोणतें इंजिन, कोणता रंग, कोणतें आसन, हें त्यांतील संक्षिप्त खुणांवरून कामगारांस कळे. काम संपलें कीं तें पत्रक निरुपयोगी होई, आणि कोणी कामगार तें बैठकीच्या स्प्रिंगांत खुपसून मोकळा होई. पन्नास वर्षांनीं गादी उसवली असतां तें पिवळें पत्रक बाहेर पडतें, आणि लाखो रुपयांच्या वादाचा निकाल लागतो.

हें वाचतांना मराठी वाचकास राजवाड्यांची आठवण झाल्याखेरीज राहणार नाहीं. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं वाईस मिळालेल्या कागदांवरून निघाला. ज्यांच्या घरीं असे कागद सांपडत, त्यांच्या लेखीं ते बहुधा वाळवीचें अन्न होते. बखरकार मागाहून लिहितो आणि धन्यास गोड लागेल तें लिहितो. चालू व्यवहारांत लिहिलेली क्षुद्र चिठी कोणासाठींहि नटत नाहीं, म्हणून तिचें प्रामाण्य मोठें, हा धडा त्या पिढीनें आपणांस दिला. मोटारीच्या गादींत सांपडलेलें पत्रक त्याच जातीचें आहे. विक्रेत्याची रंगीत जाहिरात ही मोटारीची बखर होय.

धातूचाहि पुरावा नाहीं असें नाहीं. इंजिनाचा ठोकळा ओततांना सांच्यांतच तारीख उमटविण्याची चाल होती. शेव्हरोलेच्या ठोकळ्यावर महिन्यासाठीं अक्षर असतें. जानेवारीस ‘ए’, फेब्रुवारीस ‘बी’, याप्रमाणें. मग दिवस, आणि शेवटीं सालाचा अखेरचा आंकडा. आतां तर्क सोपा आहे. ओतीव काम जोडणीच्या अगोदरचें असलें पाहिजे. मार्चमध्यें बाहेर पडलेल्या गाडीच्या इंजिनावर त्याच वर्षाच्या जूनची तारीख निघाली, तर मूल आईपेक्षां वडील ठरतें. इंजिन मागाहून घातलेलें आहे, यांत संशय उरत नाहीं. सालाचा एकच आंकडा असल्यामुळें १९५९ व १९६९ यांत घोटाळा होऊं शकतो. तेथें ठोकळ्यावरचा ओतकामाचा क्रमांक साह्य करितो. इतकी बारीक छाननी कशासाठीं, असें कोणी विचारील. १९६९ सालीं शेव्हरोलेनें ॲल्युमिनियमचें झेड.एल.१ इंजिन घालून कामारो जातीच्या अवघ्या ६९ गाड्या काढल्या. ६९ खऱ्या असतांना सत्तरावी निघाली कीं कोणाचें तरी घर बुडतें, हें त्याचें उत्तर.

‘हें सारें अमेरिकेचें झालें, माणांत कोणाची जी.टी.ओ. होती?’ असें वाचक म्हणेल, आणि तें खरें आहे. त्या जातीची गाडी येथें विकावयास आली नाहीं. ती निपजण्यापूर्वीं दहा वर्षें अमेरिकन कारखानदारांनीं मुंबईंतील आपला गाशा गुंडाळला होता. परंतु तिच्या आज्या-पणज्या आपल्या रस्त्यांवरून भरपूर फिरल्या आहेत. आणि त्यांचा शोध घेऊं लागतांच पहिला धक्का असा बसतो कीं, आपण ज्यांस अमेरिकन म्हणतों त्यांतील पुष्कळ अमेरिकेंत जन्मलेल्याच नाहींत.

फोर्डची ‘मॉडेल टी’ घ्या. १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटीहून अधिक तयार झालेली ही गाडी हिंदुस्थानांत आली ती डेट्रॉइटहून नव्हे. कॅनडांतील फोर्ड कंपनी १९०४ सालीं निघाली, आणि इंग्लंड वगळून ब्रिटिश साम्राज्यांत गाड्या विकण्याचा हक्क तिच्याकडे होता. साम्राज्यांतील मालास जकातींत मिळणारी सवलत तिला मिळे, आणि उजवीकडे सुकाणू असलेल्या गाड्याहि तीच करी. कॅनडाच्या इंजिनांची अंकमाला निराळी होती, आणि आंकड्यापुढें ‘सी’ हें अक्षर असे. एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवींतील फोर्डच्या इंजिनावर हें अक्षर दिसलें, म्हणजे अमेरिकन अंकमालेचीं कोष्टकें मिटून ठेवावींत. त्यांवरून काढलेलें जन्मसाल चुकलेंच म्हणून समजावें. हे दांत निराळ्या जातीच्या बैलाचे आहेत.

दुसरा धक्का जोडणीचा. १९२६ सालीं फोर्ड मोटर कंपनी ऑफ इंडिया ही कंपनी मुंबईस स्थापन झाली, आणि १९२८ च्या अखेरीस जनरल मोटर्सच्या शिवडी येथील कारखान्यांतून पहिली शेव्हरोले बाहेर पडली. या कारखान्यांत मोटार ‘तयार’ होत नसे. पेट्यांतून आलेले सुटे भाग तेथें जोडले जात. म्हणजे इंजिन एका देशांत ओतलें, पेट्या दुसऱ्या देशांतून निघाल्या, आणि गाडी उभी राहिली शिवडीस. मग तिचा जन्म कोठला म्हणावयाचा? पेटी भरली त्या वर्षीं अमेरिकेंत जें मॉडेल चालू होतें, तें समुद्र ओलांडून, जोडून, विक्रेत्याकडे जाऊन नोंदलें जाईपर्यंत तिकडे जुनें झालेलें असे. नोंदणीपुस्तकांत साल पडे तें नोंदणीचें. आज त्या पुस्तकावर भरंवसून गाडीस एकदोन वर्षांनीं लहान करणारे पुष्कळ आहेत. आणि त्यांत त्यांची लबाडी नसते, नुसतें कुंडलीतील वेळ चुकलेली असते.

या पेट्यांतून निघालेल्या चासी माणासारख्या मुलुखांत कशा पोंचल्या, तें आतां पाहूं. माण तालुक्यांतून आगगाडी जात नाहीं. पश्चिमेस कोरेगांव-रहिमतपूरचीं स्टेशनें, पूर्वेस दूर पंढरपूर. मध्यें दहिवडी, म्हसवड, आटपाडी हा कमी पावसाचा, माळरानाचा प्रदेश. शिखर शिंगणापूरची चैत्री यात्रा असो, म्हसवडच्या सिद्धनाथाची असो, बैलगाडीखेरीज साधन नव्हतें. अशा ठिकाणीं सर्व्हिस मोटार आली, ती माणसाच्या सवयीच मोडीत आली. धंदा करणारा मनुष्य बहुधा मोकळी चासी घेई, म्हणजे इंजिन, चाकें आणि सांगाडा. वरचा लांकडी सांटा सुतार-लोहारांकडून करून घेई. फळ्यांचीं बांकें, कडेला ताडपत्रीचे पडदे, टपावर बोजे आणि कोंबड्यांच्या पाट्या. तेव्हां अशा गाडीचें तोंड शेव्हरोलेचें, पाठ आपल्या गांवच्या सुताराची. अमेरिकन कोष्टकांत तिच्या अर्ध्या देहाची नोंद असणेंच शक्य नाहीं.

कागदाचीहि येथें फार वाटणी झाली. माण तालुका ब्रिटिश सातारा जिल्ह्यांत. उत्तरेस फलटण संस्थान. आटपाडी औंध संस्थानांत. दहिवडीहून निघालेली मोटार एका दिवसांत दोन राज्यांची धूळ खाई. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणी संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. आज माण साताऱ्याकडे व आटपाडी सांगलीकडे आहे. गाड्यांच्या पाटीवर एकीकडे एम.एच. ११ व दुसरीकडे एम.एच. १० असे आंकडे असतात. राज्यें बदललीं, जिल्हे फुटले, पाट्यांवरचीं अक्षरें दोनतीनदां पालटलीं; परंतु चासीवर ठोकलेला आंकडा मात्र तोच राहिला. म्हणून जुन्या मोटारीचा माग काढणारानें पाटीवर विसंबूं नये. पूर्वींपासून मोटारखात्याच्या कामांत चासीच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेण्याची चाल आहे. कुटुंबाच्या कागदांत असा एखादा काळपट ठसा सांपडला, तर तो कोणत्याहि दाखल्यापेक्षां मोलाचा समजावा.

दुसऱ्या महायुद्धानें हा गुंता आणखी वाढविला. अमेरिकेंतील खासगी मोटारींचें उत्पादन फेब्रुवारी १९४२ मध्यें थांबलें, आणि मुंबईचे जोडणीचे कारखाने लष्करी वाहनांच्या कामीं लागले. युद्ध संपल्यावर हीं वाहनें ‘डिस्पोजल’ म्हणून विकलीं गेलीं, आणि त्यांतूनच कित्येकांनीं लॉऱ्या व सर्व्हिस मोटारी उभारल्या. अशा गाडीची नागरी नोंदणी प्रथम १९४६-४७ सालीं होते; तिचा जन्म मात्र तीनचार वर्षांपूर्वींचा असतो, आणि मधल्या काळांतील तिचें चरित्र लष्कराच्या दफ्तरांत राहतें. मुलाची मुंज झाली तोच त्याचा जन्मदिवस धरावा, तसा हा प्रकार होतो. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी एस.टी. सुरू झाली, आणि पुढें खासगी सर्व्हिस मोटारींचें युग हळूहळू संपलें. त्या मोटारींपैकीं कांहीं मालवाहू झाल्या, कांहीं मोडींत गेल्या, आणि मालकांच्या घरचीं जमाखर्चाचीं पुस्तकें रद्दींत गेलीं.

तिसरा आणि सर्वांत फसवा गुंता नांवांचा आहे. आणि त्याचा संबंध ज्यांचें नांव सांगलीकरांच्या रोजच्या तोंडीं आहे अशा पुरुषाशीं येतो. विश्रामबागेंतील १९४७ सालचें अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५ पासून ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें, ते सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं हिंदुस्थानांत मोटार बनविण्याचा ध्यास युद्धापूर्वींच घेतला होता. सर विश्वेश्वरय्यांनीं त्या योजनेचा पाठपुरावा केला होता, फोर्डशीं बोलणीं झालीं, तीं फिसकटलीं, क्रायस्लरशीं जमलें, पण युद्धकाळांत सरकारनें तिला हात दिला नाहीं. शेवटीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, आणि १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिलें वाहन बाहेर पडलें. तेथून डॉज, डी सोटो, प्लिमथ या मोटारी आणि डॉज व फार्गो या लॉऱ्या देशभर गेल्या.

आतां या नांवांचें रहस्य ऐका. क्रायस्लर कंपनी परदेशीं पाठवितांना प्लिमथच्याच देहावर थोडा निराळा मुखवटा चढवी आणि तिला डॉज किंग्जवे किंवा डी सोटो डिप्लोमॅट म्हणे. मडगार्ड, दारें, सांगाडा, सारें एकच. पुढची जाळी आणि नांवाची पट्टी तेवढी निराळी. उद्देश एवढाच कीं, निरनिराळ्या विक्रेत्यांपाशीं निरनिराळ्या नांवाची गाडी असावी. लॉऱ्यांतहि डॉज आणि फार्गो यांचें असेंच एक रक्त आहे. गांवोगांवच्या मिस्त्र्यांस हें पुस्तकें न वाचतां ठाऊक होतें. एकीचा भाग दुसरीस घालून ते मोकळे होत. म्हणून एखाद्या कुर्ल्याच्या गाडीस डॉजची जाळी व प्लिमथचें नांव असलें, तर अमेरिकन परीक्षक जेथें बनावट म्हणून नाक मुरडील, तेथें आपण थांबून विचार केला पाहिजे. इंजिनावरील खूण साधारणपणें वाट दाखविते: १९४६ ते १९४८ च्या अमेरिकन गाड्यांत प्लिमथच्या इंजिनास ‘पी १५’, डॉजच्यास ‘डी २४’ आणि डी सोटोच्यास ‘एस ११’ अशी अक्षरें आरंभीं असत. परंतु इंजिन तरी मूळचेंच आहे कशावरून?

येथें आम्ही मुख्य मुद्द्याशीं आलों. १९५३ सालीं सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, देशांत प्रत्यक्ष भाग बनविण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशीं आहे त्यांनींच मोटारीच्या धंद्यांत राहावें. १९५४ च्या सुमारास फोर्ड व जनरल मोटर्स या दोघांनीं येथील जोडणी बंद केली. मागें राहिलेल्या त्यांच्या गाड्यांना नवे भाग मिळेनासे झाले. पेट्रोल महागलें. मग त्या मोटारींनीं काय करावें? जें माणांतील माणूस दुष्काळांत करितो तेंच त्यांनीं केलें. आहे त्यांत भागविलें. थकलेलें पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविलें गेलें; तुटलेला पाटा लोहाराच्या भट्टींत घडला; दोन मोडक्या गाड्यांची एक चालती झाली. सर्व्हिस मोटारीचा सांटा उतरवून तिची मालाची लॉरी झाली. आणि अगदीं शेवटीं चाकांसकट मागचा आंस ट्रॅक्टरमागें जोडावयाच्या गाड्याखालीं गेला. ज्या कृत्यास अमेरिकेंतील बाजारांत बनावट म्हणतात, त्यास आमच्याकडे दुरुस्ती म्हणत, आणि तिच्यावर घरें चालत.

ही केवळ शब्दांची गोष्ट राहिली नाहीं. तिला आतां कायद्याचा आधार आला आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे निराळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनें, धंद्यासाठीं न वापरलेलें दुचाकी वा चारचाकी वाहन, मूळ रूपांत राखलेलें आणि सांगाडा, बाह्य देह किंवा इंजिन यांत महत्त्वाचा फेरबदल न झालेलें असेल, तर त्यास ‘व्ही.ए.’ अक्षरांची खास पाटी मिळते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें, पुढील नूतनीकरणास ५,००० रुपये. बाहेरून आणलेल्या गाडीस जकातीचा कागद लागतो, पूर्वीं नोंदलेलीस तिचें नोंदणीपुस्तक. नियम वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यांच्या गराजांत एखादी ब्युइक किंवा पॅकार्ड पिढ्यान्‌पिढ्या झांकून ठेवलेली आहे, त्यांना या नियमांनीं न्याय दिला आहे. परंतु ‘मूळ रूप’ ही कसोटी लावली कीं, इतिहासांत कोण राहतो आणि कोण गळतो, हें पाहावें. राजवाड्यांतील मोटार राहते, कारण ती क्वचितच बाहेर पडली. माणांतील सर्व्हिस मोटार गळते. एक तर ती धंद्याची, आणि शिवाय तिनें इतकें काम केलें कीं तिचें मूळ रूप उरलें नाहीं. जिनें अधिक इतिहास घडविला तिलाच इतिहासांत जागा नाहीं, असा हा उलटा न्याय आहे.

आटपाडी-विट्याकडील गलाईचे कारागीर सोनें आटविण्यासाठीं साऱ्या देशांत पसरले आहेत. त्यांच्या मुशींत दागिना पडला कीं कस राहतो, घडण नाहींशी होते. कोणाच्या गळ्यांतला, कोणत्या लग्नांतला, हें सोन्यास सांगतां येत नाहीं. भंगाराच्या भट्टीचीहि हीच गत आहे. जुनी चासी भट्टींत जाणें अटळ असेल; सगळ्याच गाड्या जपून ठेवण्याइतकी जागा आणि पैसा कोणापाशीं आहे? पण आंत जाण्यापूर्वीं तिची घडण लिहून ठेवण्यास कांहीं फारसा खर्च लागत नाहीं. अमेरिकन परीक्षकाचे डोळे आपण अवश्य घ्यावेत. त्याचा निकाल मात्र घेऊं नये. तो क्रमांक वाचतो, ओतकामाची तारीख पाहतो, गादी उसवतो, आणि एवढ्यावरून गाडी ‘खरी’ कीं ‘खोटी’ ठरवितो. आपण तेंच सर्व वाचावें, आणि पुढें विचारावें: हें डिझेल इंजिन केव्हां आलें? हा सांटा कोणत्या गांवीं झाला? १९७२ च्या दुष्काळांत ही गाडी कोणाचें काय वाहत होती? जन्माची नोंद कॅनडांत किंवा शिवडीस मिळेल. आयुष्याची नोंद येथेंच मिळावयाची.

आणि ती मिळण्याचा काळ संपत आला आहे. ज्यांनीं हँडल मारून त्या गाड्या सुरू केल्या, ते क्लीनर आतां राहिले नाहींत. ज्यांनीं कुर्ल्याच्या डॉज खोलून बसविल्या, ते मिस्त्री थकले आहेत. कचेऱ्यांतील जुनीं नोंदणीपुस्तकें कोणाच्या लक्षांत येण्यापूर्वींच जीर्ण होतात. राहतां राहिलीं आपलीं घरें. आमची वाचकांस विनंती एवढीच कीं, दिवाणखान्यांतील तें छायाचित्र एकदां भिंतीवरून उतरावें. आजोबांकडे नेहमीं पाहतोंच; यावेळीं त्यांच्या पायाखालची पायरी, जाळीचा आकार, चाकांचे आरे आणि पाटीवरचीं अक्षरें पाहावींत. चौकटीच्या मागें तारीख असेल. तिजोरींत एखादें नोंदणीपुस्तक, विम्याची पावती किंवा पेन्सिलीचा तो काळा ठसा असेल. घरांतील वडील माणसास गाडीविषयीं जें आठवत असेल, तें त्याच्या शब्दांत त्याच कागदावर लिहून ठेवावें.

खरसुंडीच्या बाजारांतील परीक्षक दांत पाहून वय ठरवितो खरा. पण बैल घेण्यापूर्वीं तो आणखी एक गोष्ट विचारतो. हा बैल कोणत्या शिवारांत राबला? दांत त्याला वय सांगतात. राबल्याची हकीकत मात्र बैलाचा जुना धनीच सांगूं शकतो. आपल्या मोटारींचे जुने धनी अजून थोडे शिल्लक आहेत. त्यांना विचारून घेतलें पाहिजे.